गाडी नंबर तीनमधले बिबट्यातज्ज्ञ

बिबट्या बघायला मी केनियाला गेलो, हे वाक्य आमच्या गावात मोठ्यानं उच्चारायची सोय नाही. गाव शिरूर तालुक्याच्या बेट भागातलं, घोड आणि कुकडीच्या मधलं. तिथं बिबट्या बघायला कुणी जात नाही; बघायचं काम बिबट्याच करतो. म्हणून मी 'आफ्रिकेतलं निसर्गवैभव' असं म्हणतो. ते ऐकलं की पारावरची माणसं धोतर झटकून उठायला लागतात, कारण आता हा मोबाईल काढणार हे त्यांना ठाऊक असतं.

ग्रुप टूरमध्ये प्रत्येकाला कुणीतरी व्हावं लागतं. एक जण आजारी पडणारा, एक हरवणारा, एक हिशेब ठेवणारा आणि एक 'आम्ही युरोपला गेलो होतो तेव्हा' या शब्दांनी प्रत्येक वाक्य सुरू करणारा. शिरूर आणि दौंडमधून गोळा झालेल्या आमच्या ग्रुपात या सगळ्या जागा मुंबईच्या विमानतळावरच भरल्या. दौंडचे एसआरपीतून निवृत्त झालेले साहेब आपोआप शिस्तप्रमुख झाले. शिरूरचे कांद्याचे आडतदार मामा डॉलरचे रुपये आणि रुपयांचे कांदे करू लागले. केडगावच्या मावशींच्या बॅगेत शेंगदाण्याच्या चटणीचा साठा निघाल्यामुळे त्यांना बिनविरोध अध्यक्षपद मिळालं. राहिलो मी. निवृत्त शिक्षक म्हणावं, तर निवृत्त शिक्षक ग्रुपात आणखीही होते, आणि त्यांतले दोघे मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेले.

तेव्हा नैवाशाच्या मुक्कामी, मसाई मारात सिंह-हत्ती हमखास दिसतात पण बिबट्या मात्र नशिबाचा भाग, असं टूर मॅनेजर जेवताना सांगत असताना मी पापड मोडत सहज म्हणालो, "बिबट्या ना? आमच्या उसात असतात की."

सहज म्हणजे, त्यानं 'बिबट्या' शब्द उच्चारण्याची मी सूपपासून वाट बघत होतो.

मॅनेजर कोथरूडचा, पंचविशीतला. त्याचा घास हातातच राहिला. "काका, तुमच्या स्वतःच्या शेतात?" मी नुसता हसलो. थोर माणसं अशा वेळी नुसती हसतात असं मी वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे गाड्यांचं वाटप करताना त्यानं ओरडून जाहीर केलं, "आपले बिबट्याचे एक्स्पर्ट गाडी नंबर तीनमध्ये बसतील!" सगळ्या माना वळल्या. मी खिशातला चष्मा काढून लावला. तो वाचायचा होता, त्यामुळे पुढचं सगळं धूसर झालं. पण तज्ज्ञ माणूस बिनचष्म्याचा शोभत नाही.

आता माझं भांडवल सांगतो. टाकळी हाजीच्या रस्त्यावर एकदा रात्री गाडीच्या उजेडात मला एक पाठ दिसली. शेपटी दिसली की नाही यावर बायकोचा आणि माझा अजून वाद आहे. काचा वर होत्या. त्या वर असूनही मी पुन्हा वर केल्या. संपलं. बाकीचं सगळं ज्ञान धाकट्या भावाचं आणि भावजयीचं. ते दोघं वस्तीवर राहतात, मी शिरूरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. भाऊ ठसे बघून सांगतो, मादी होती, मागं दोन पिल्लं होती, काल रात्रीच गेली. मी ते ऐकून घेतो आणि योग्य श्रोते मिळाले की सांगतो.

श्रोते मिळाले होते. आमच्या लहानपणी या भागात बाजरी, हुलगे आणि मटकी यांपलीकडे काही उगवत नव्हतं. मग कालव्यांचं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला आणि उसामागं बिबट्या आला, हे मी गाडीला समजावून सांगितलं. वर्ष-वर्ष हलत नाही असं दाट रान, आत गारवा, बांधावर कुत्री, गोठ्यात शेळ्या. आता उसात जन्मलेल्या, डोंगर कधी न पाहिलेल्या पिढ्या आहेत. ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात, आणि तोडणी कामगार कोयता टाकून लांब उभे राहतात.

मग 'आजोबा'ची गोष्ट. २००९ साली आमच्या शेजारच्या पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरला, एक बिबट्या विहिरीत सापडला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या प्रकल्पात त्याला रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं, तर हा गडी जवळजवळ १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात. २०१४ साली त्याच्यावर सिनेमा निघाला, ऊर्मिला मातोंडकर होती. हे सगळं मी अशा थाटात सांगत होतो, जणू कॉलर मीच लावली होती.

"वाटेत त्यानं कसाऱ्याजवळ रेल्वेसुद्धा ओलांडली," मी म्हणालो.

"कसाऱ्याला बँकर लागतं," बायको म्हणाली. "घाट आहे ना. मागून जादा इंजिन लावतात."

व्याख्यान तिथं संपलं. गाडी नंबर तीनमधल्या दौंडकरांनी पुढची वीस मिनिटं बँकरवर चर्चा केली.

टूरवर गेलेल्यांना पाच-सहा-सात, म्हणजे पाचला उठणं, सहाला नाश्ता, सातला निघणं, हे सांगायला नको. मारात ते चार-पाच-सहा होतं, कारण तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा चालतं. परदेशी माणसाला जुलैपासून पुढं दिवसाचे २०० डॉलर. मामांनी गेटवरच हिशेब केला: साडेसतरा हजार रुपये भागिले बारा तास. "तासाला एक क्विंटल कांदा," ते म्हणाले, आणि दिवसभर त्याच मापानं निसर्ग मोजत राहिले. पहिला सिंह झुडपाखाली पोट वर करून झोपला होता. आम्ही छप्पर उघडलेल्या गाडीत उभे, कॅमेरे रोखलेले, श्वास रोखलेले. सिंहानं एक पाय हलवला आणि पुन्हा झोपला. मामा हळूच म्हणाले, "हा उठेपर्यंत अर्धा क्विंटल जाणार." जिराफ बघून मावशींनी हात जोडले. हत्तींच्या कळपाला साहेबांनी शिस्तीसाठी दहापैकी नऊ गुण दिले. एक पिल्लू रांग मोडून पळालं होतं.

दुपारी मारा नदीच्या काठावर आम्ही विल्डबीस्ट पाण्यात उतरण्याची वाट बघत बसलो. ऑगस्टचा महिना, सेरेंगेटीतून आलेले ते लाखांच्या हिशेबातले प्राणी. हजारेक जण पलीकडच्या काठावर आले, पुढच्यानं पाण्याकडे बघितलं, मगर दिसली की नुसता संशय आला कोण जाणे, सगळे मागे फिरले. पुन्हा आले, पुन्हा फिरले. ऐनवेळी गाडी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर येणार अशी घोषणा झाली की दौंडच्या जिन्यावर जे होतं, तेच. हे मी मोठ्यानं बोललो, आणि तिथंच चुकलं म्हणा किंवा जमलं म्हणा. कारण पुढचा तासभर नदी तशीच राहिली आणि गाडीत दौंड अवतरलं.

इथं मला दौंडविषयी बोललंच पाहिजे. संपादकांना हे कापावंसं वाटेल. त्यांनी आधी विचार करावा की त्यांची सासुरवाडी कुठं आहे.

शिरूरला रेल्वे नाही. माझ्या संसारातलं मूळ दुखणं हे आहे. लग्न ठरवायला माझे वडील दौंडला गेले तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी, जे मालगाडीवर गार्ड होते, पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडं स्टेशन कुठलं?" वडिलांनी जमीन सांगितली, विहीर सांगितली, घोडनदीची पेठ सांगितली, इंग्रजांची छावणी होती तेही सांगितलं. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे स्टेशन नाही." मुलगी दिली, पण हळहळत दिली. आजही बायको माहेरी निघाली की शेजारणींना सांगते, "जंक्शनला चाललेय." दौंडला चाललेय असं म्हणत नाही. जगात जंक्शन एकच.

आणि त्या जंक्शनचं वैभव काय होतं! मनमाडचा फाटा १८७८ सालचा. पुण्याकडून येऊन नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं तोंड दौंडला उलटं व्हायचं, त्यामुळे इंजिन सोडायचं, पलीकडून आणायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं. उत्तरेकडे निघालेल्या मोठमोठ्या माणसांना, मंत्री असो की लष्करातला जनरल, दौंडला ताटकळत बसावं लागायचं. सासरे म्हणायचे, "आम्ही इंजिन फिरवल्याशिवाय कुणी दिल्लीला जात नाही." या वाक्यात त्यांना जो अर्थ दिसत होता तो मला तीस वर्षं दिसला नाही, पण मी मान हलवत आलो. तेवढ्या वेळात फलाटावर चहा व्हायचा, भजी व्हायची, ओळखी व्हायच्या. निदान एक सोयरीक तरी इंजिन फिरेपर्यंत जमली असं सासूबाई शपथेवर सांगायच्या. मग कॉर्ड लाईन झाली. आता काही गाड्या दौंडच्या मुख्य स्टेशनात न शिरता बाहेरच्या बाहेर वळतात. सासरे तोवर थकले होते. बातमी ऐकून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तोंड फिरवायला त्यांना मात्र इंजिन लागलं नाही, हा विनोद मी तेव्हा मनात केला आणि अजून कुणाला सांगितलेला नाही.

तर नदीकाठी बायकोनं वडिलांची आवडती गोष्ट काढली. आदल्या दिवशी माई माहिऊजवळ तिला रूळ दिसले होते, तेव्हापासून ती भरून होती. केनियातली पहिली रेल्वे इंग्रजांनी मोंबासापासून आत नेली, १८९६ ते १९०१ या काळात, आणि ती बांधायला तीस हजारांवर मजूर हिंदुस्थानातून नेले. बहुतेक पंजाबकडचे, पण सासऱ्यांच्या लेखी रूळ टाकणारा कुठलाही माणूस दौंडचाच. १८९८ साली त्सावो नदीवर पूल बांधताना दोन सिंहांनी तळावर धाड घालायला सुरुवात केली. रात्री तंबूत शिरायचे आणि माणूस ओढून न्यायचे. मजुरांनी काट्यांची कुंपणं घातली, शेकोट्या पेटवल्या, झाडांवर आणि पाण्याच्या टाक्यांवर झोपले. काम बंद पडलं. वर्षाच्या शेवटी पॅटरसन नावाच्या इंजिनिअरनं दोन्ही सिंह मारले. पुढं त्यानं १३५ बळींचा आकडा सांगितला. नंतरच्या संशोधकांनी तो पस्तीसच्या आसपास आणला. यावर 'द घोस्ट अँड द डार्कनेस' हा इंग्रजी सिनेमा १९९६ साली आला. त्यात ओम पुरी आहेत म्हणून सासऱ्यांनी तो टीव्हीवर लागेल तितक्या वेळा बघितला.

"ते सिंह कुठं आहेत माहितीय?" बायकोनं गाडीला विचारलं. "शिकागोच्या म्युझियममध्ये. काचेच्या कपाटात. पेंढा भरून. लोक तिकीट काढून बघतात."

"आणि माणसं?" मावशी म्हणाल्या.

"बाबांना मी हेच विचारायची. ते म्हणायचे, गँगमनचं नाव कोण लिहितं?"

पलीकडं विल्डबीस्ट पुन्हा काठावर आले होते. कुणी कॅमेरा उचलला नाही. मामांनी घड्याळात बघितलं, पण क्विंटल काढले नाहीत. शेवटी ड्रायव्हरनं, ज्याला आम्ही सगळे पहिल्या दिवसापासून 'ओ भाऊ' म्हणत होतो आणि जो ओ देत होता, गाडी चालू केली. आम्ही वळलो आणि मागे धपाधप उड्या पडल्याचा आवाज आला, असं गाडी नंबर चारवाले सांगतात. त्यांच्याकडं व्हिडिओ आहे. तो त्यांनी आम्हाला दिवसातून दोनदा दाखवला.

नंतर मसाई लोकांची वाडी. माणशी डॉलर देऊन आत गेलो आणि पाहतो तर शेणामातीनं लिंपलेली घरं, मधोमध गुरांचा वाडा, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. घरं बायकाच बांधतात आणि लिंपतात असं कळल्यावर मावशी म्हणाल्या, "म्हणजे इथंपण आपणच." खांद्यावर लाल कापड आणि हातात काठी घेतलेले पुरुष बघून मला आमच्याकडचे धनगर आठवले, तेच उभं राहणं, तीच दूरवर बघायची सवय. उंच उड्यांचा नाच झाला. साहेबांनीही उड्या मारल्या. एसआरपीच्या कवायतीत उडी नव्हती, असं त्यांनी नंतर कमरेला मलम लावताना सांगितलं.

मी तज्ज्ञ या नात्यानं एका तरुणाला बाजूला घेतलं. चांगलं इंग्रजी बोलत होता, माझ्यापेक्षा चांगलं. रात्री जनावर येतं का? येतं. सिंह गाईवर, बिबट्या शेळीवर आणि कुत्र्यावर. त्यानं कुंपणावरचे दिवे दाखवले, रात्री आळीपाळीनं लुकलुकणारे. नैरोबीजवळच्या रिचर्ड टुरेरे नावाच्या मसाई मुलानं शाळकरी वयात ही युक्ती काढली. उजेड हलता दिसला की सिंहाला वाटतं माणूस फिरतोय. मीही बोलू लागलो, आणि गंमत म्हणजे ऐटीत नाही. आमच्याकडं शेळ्यांना लोखंडी जाळी, पोरांना एकटं सोडत नाही, बायका वाकून खुरपतात तेव्हा एकीनं उभं राहायचं, कारण वाकलेला माणूस त्याला जनावर वाटतो. तो मान हलवत होता. हे त्याला समजावून सांगावं लागत नव्हतं.

मग त्यानं विचारलं, "तुमच्याकडं बघायला येणारे किती पैसे देतात?"

कुणी येत नाही, मी म्हणालो.

त्याला ते खरं वाटेना. राखीव जंगलाच्या भोवतालच्या मसाई कुटुंबांनी आपल्या जमिनी वन्यजीवांसाठी भाड्यानं दिल्यात, पर्यटकांच्या पैशातून महिन्याला भाडं येतं, गाय गेली तरी घर चालतं. हे ऐकताच मागून मामांचं डोकं पुढं आलं. "सर, एकरी किती बिबटे धरायचे?" आणि परत निघेपर्यंत त्यांनी योजना उभी केली: आपल्या मोराच्या चिंचोलीला पुण्याची माणसं मोर बघायला येतात की नाही? तसंच बेट भागात ऊस-सफारी. पाचट घातलेली वाट, उंचावर मचाण, हुरडा, गुऱ्हाळाचा ताजा रस, पिठलं-भाकरी. तिकीट शंभर डॉलर, दौंडवाल्यांना सूट. मी तज्ज्ञ मार्गदर्शक. गाडी हसून हसून कोसळली. मीही हसलो. तो ऑगस्ट होता.

साडेपाचला वायरलेस खरखरला. ओ भाऊनं काही न बोलता गाडी अशी पळवली की मावशींच्या चटणीचा डबा साहेबांच्या मांडीत गेला. एका ओढ्याकाठच्या झाडाखाली गाड्यांची रांग लागली होती. एका प्राण्याजवळ पाच गाड्या असा नियम. पाच जवळ, बाकीच्या नियमाच्या बाहेर तिष्ठत. आमची पाळी आली. फांदीवर अर्धं खाल्लेलं हरीण, शेजारी लोंबणारी शेपटी, आणि शेपटीच्या वरच्या टोकाला तो.

"काका," मॅनेजर कुजबुजला. त्या दिवशी तो मुद्दाम आमच्या गाडीत आला होता. "नर की मादी?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हलू दे," मी म्हणालो, "मग सांगतो." सुदैवानं तो हलला नाही. पण त्यानं मान वळवली आणि गाडीच्या उघड्या छपरातून थेट आत बघितलं. पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते हे, की मी दोन सीटांच्या मधल्या जागेत खाली बसलो होतो आणि माझा हात काच वर करायचं बटण शोधत होता.

"अहो, उठा," बायको म्हणाली. "एक्स्पर्ट ना तुम्ही?"

मी उठलो. आणि उठलोच आहे तर भावाला व्हिडिओ कॉल लावला. मुक्कामाच्या गप्पांत हे शोभलं असतं: साक्षात बिबट्यासमोरून घरी फोन. आपल्याकडं आठ वाजले होते. पडद्यावर अंधार आणि त्यात हलणारा बॅटरीचा उजेड.

"हे बघ," मी कुजबुजलो आणि मोबाईल झाडाकडं फिरवला.

"कुठंय?... आरं तिच्या! मोठाय की," भाऊ म्हणाला. त्याच्या मागं मोठ्यानं भजन लागलं होतं. "दादा, लई पुढं जाऊ नगंस. गाडीतच ऱ्हा."

"तू कुठं निघालास?"

"दारं धरायला. या आठवड्यात लाईट रातचीच हाय ना. मोटार चालू करून बसतो वाफ्यावर."

"एकटाच?"

"भजन लावलंय की." मग भावजयीचा आवाज आला, भाऊजी, वाघ दिसला का, आणि भाऊ म्हणाला, "दिसलाय, झाडावर झोपलाय निवांत." आणि हसला. फोन ठेवला की त्याच्या खिशात मोबाईलवर तुकोबा, एका हातात काठी, एका हातात बॅटरी, पायाखाली पाण्यानं भरलेली सरी. त्यानं मला तीनदा सांगितलं की जपून राहा. उघडं असलं तरी छप्पर माझ्या डोक्यावर होतं.

पाळी संपली. मागच्या गाड्या पुढं आल्या.

त्या बिबट्याचा फोटो फार छान आला होता. मी तो व्हॉट्सॲपवर डीपी ठेवला. दसऱ्यापर्यंत शिरूरमध्ये असा माणूस उरला नाही ज्याला तो दाखवला नव्हता. केशकर्तनालयात दाखवला, बँकेत रोखपालाला दाखवला, एका तेराव्याला दाखवला.

मग १२ ऑक्टोबर आलं. २ नोव्हेंबरपर्यंतच्या तीन आठवड्यांत आमच्या बेट भागात, पिंपरखेड-जांबूतच्या शिवारात, बिबट्यानं तीन माणसं मारली. त्यांतली दोन लहान मुलं. लोकांनी महामार्ग रोखला, वनखात्याची गाडी पेटली, शेवटी शूटर बोलावून एक बिबट्या मारला. सगळं टीव्हीवर आलं. थोड्या दिवसांनी आणखी एक बातमी आली: पिंपरखेडच्या बायका गळ्यात खिळे लावलेले पट्टे घालून शेतात जातात. मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात घालतात तसले. काही चॅनेलांनी ती बातमी गमतीची म्हणून दाखवली. मी ती बघितली तेव्हा भावजय आमच्याच घरी बसली होती. ती म्हणाली, "आमच्याकडंबी चार आणल्यात." आणि चहा प्यायली.

डीपी मी त्याच रात्री काढला. राग कुणाचा आला ते नीट सांगता येत नाही. बिबट्याचा नाही, तो उसात जन्मला, त्याला दुसरं घर माहीत नाही. टीव्हीचा आला म्हणावं, तर ऊस-सफारीला मीही हसलो होतो. मला त्या वेळापत्रकाचा राग येतो, ज्यात पिकाला पाणी द्यायची वेळ रात्री साडेदहाची असते आणि ज्यानं ते छापलं तो त्या वेळी झोपलेला असतो. भावाला मी म्हणालो, रात्री जाऊ नकोस. तो म्हणाला, "मग ऊस जाईल." यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मी त्याला एक मोठा स्पीकर आणून दिला. आता भजन तीन वस्त्यांना ऐकू जातं आणि बाकीचे शेतकरी त्याला फर्माईश कळवतात. परवा कुणीतरी लावणी मागितली. भावानं ती लावली नाही. बिबट्यावर वाईट परिणाम होईल म्हणाला.

डिसेंबरात दौंडला ग्रुपचं गेट-टुगेदर झालं. बायकोच्या आग्रहामुळे जागा अशी निवडली होती की जेवता जेवता गाड्यांचा आवाज यावा. मॅनेजर पुण्याहून आला, टोपीसकट, हातात पुढच्या वर्षीची पुस्तिका. जेवणं झाल्यावर त्यानं उत्साहानं पान उघडलं. "श्रीलंका! यालाचं जंगल. काका, खास तुमच्यासाठी. बिबट्या दिसायला जगात याच्यासारखी जागा नाही."

मावशी चटणीचा डबा बंद करत म्हणाल्या, "बाळा, जिथं काहीच नाही असं काही आहे का?"

त्यानं पानं उलटली. शिकलेला मुलगा, लगेच उमगलं त्याला. "स्वित्झर्लंड घ्या. बर्फ, डोंगर, हिरवी कुरणं, गळ्यात घंटा घातलेल्या गायी."

"रेल्वे?" बायकोनं विचारलं.

"काकू, रेल्वेच बघायला जातात तिथं. सेकंदाला सेकंद वेळेवर."

"मग फलाटावर वेळ कसा मिळणार?" ती म्हणाली, आणि दौंडच्या बाजूनं तो विषय संपला. पण मामा पुढं सरकून बसले होते. हा माणूस हिशेबाशिवाय काही विचारत नाही.

"गायी बांधतात का मोकळ्या?"

"उन्हाळ्यात मोकळ्याच असतात, मामा. डोंगरावर."

"रात्री?"

"रात्रीपण तिथंच चरतात."

"राखण?"

"तसं कुणी नसतं."

मामांनी पुस्तिका हातात घेतली. गायीचा फोटो जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला. "आणि लाईट?"

"लाईट म्हणजे?"

"वीज रे. शेताला वीज कधी असते?"

"चोवीस तास असते," मॅनेजर म्हणाला.

"दिवसा पण?" मामांनी विचारलं.